हिलमनचा तिसरा पिस्टन

शशिकांत ताटक्यांकडे घाईचं काम घेऊन कुणी जात नाही. गेलाच, तर चहा पिऊन हात हलवत परत येतो.

फरीदाबादच्या सेक्टर सोळात त्यांचं घर आहे. मागच्या अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी राहून जाम झालेली, गंजलेली जुन्या गाड्यांची इंजिनं. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी बागेत जाऊन मोठमोठ्याने हसायचा व्यायाम करतात. सरकारी मोटार वर्कशॉपमधून फोरमन म्हणून बाहेर पडलेल्या ताटक्यांनी हा उद्योग मांडला. गुरुग्रामची हौशी मंडळी आजोबांची गाडी ट्रकवर घालून आणतात आणि विचारतात, "अंकल, कितने दिन लगेंगे?" ताटके म्हणतात, "ये तो इंजन बताएगा." लोकांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय. म्हातारा गंमत करत नसतो.

दिल्लीच्या या पट्ट्यात पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला म्हातारी ठरवून रस्त्यावरून उठवतात. तीच गाडी कशीबशी पन्नाशी गाठून बसली की 'विंटेज' म्हणून तिला मान मिळतो, प्रदर्शनात हार पडतात. माणसांचंही थोडंफार असंच असतं, असं ताटक्यांची बायको विजया म्हणते, आणि म्हणताना नवऱ्याकडे बघते.

इंजिन जाम होतं म्हणजे काय होतं, हे ताटके नव्या माणसाला विहिरीच्या भाषेत सांगतात. बिडाच्या एका जड ठोकळ्यात चार गोल विहिरी. तो ठोकळा म्हणजे ब्लॉक आणि त्या विहिरी म्हणजे सिलिंडर. प्रत्येक विहिरीत एक पिस्टन वरखाली करणारा. गाडी पाचदहा वर्षं हलली नाही की पिस्टन आणि विहिरीची भिंत गंजाने एकमेकांना धरून ठेवतात. मग ती सोडवायची. त्यासाठी ताटके ऑटोमॅटिक गिअरचं तांबडं पातळ तेल आणि ॲसिटोन समसमान घेतात, बाटली हलवतात, आणि प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं सोडतात. रोज सकाळी आंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, इंजिनाच्या पुढचं हँडल एका हाताने दाबतात. एकाच हाताने, आणि हाताच्या वजनाइतकंच. पुढच्या पुलीवर खडूची रेघ मारलेली असते. रेघ हलली नाही, तर पुन्हा तेल आणि पुन्हा उद्या. हे वीस दिवस चालतं, कधी चाळीस. एका जीपने त्यांना पावणेतीन महिने बसवून ठेवलं होतं, तरी त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही.

त्यांचा एक नियम आहे, तो मोडला की ते गाडी परत पाठवतात. गाडी ज्याची, हँडलला पहिला हात त्याचा. मालकाने आठवड्यातून एकदा स्वतः यायचं आणि ताटक्यांच्या आधी हँडल दाबून बघायचं. किती घट्ट बसलंय हे स्वतःच्या मनगटाला कळलं की माणूस फोन करून तगादा लावत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब शेडमध्ये येतात, हँडलला लोंबकळतात आणि नरम होऊन जातात.

आणि शेडमध्ये हातोडा नाही. स्पॅनर आहेत, लाकडी ठोकळे आहेत, चहाचा थर्मास आहे, पण हातोडा नाही. कुणी विचारलं, तर ताटके म्हणतात, "बीड वाकत नाही, फुटतं." लोक मान डोलावतात. एका हिंदी चॅनेलच्या मुलीने तर त्यावरून त्यांना 'बिना हथौड़े वाले अंकल' करून टाकलं. ताटके त्या दिवशी जेवले नाहीत. विजयाला वाटलं, पित्त झालं असेल.

खाई त्याला खवखवे. हातोडा का नाही, हे ताटक्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

गोष्ट नव्याण्णव सालची. सुधन्वा देवस्थळी हा ताटक्यांचा मित्र, मंत्रालयात फायली हलवणारा, पण हाताला विलक्षण समज असलेला माणूस. पंखा असो, रेडिओ असो, स्कूटरचा कार्बोरेटर असो, सुधन्वा उघडणार आणि नीट करून मिटणार. ताटके शिकलेले मेकॅनिक, पण त्यांनाही ठाऊक होतं की सुधन्वाचा हात आपल्यापेक्षा काकणभर सरसच आहे. सुधन्वाचे सासरे फरीदाबादला राहत, डॉक्टर होते, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये बावन्न सालची हिलमन चार वर्षं उभी राहून जाम झाली होती. दोघा मित्रांनी ती सोडवायला घेतली. सहा महिने दर रविवारी दोघं त्या गॅरेजमध्ये. ताटक्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार होते, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण होते.

तीन पिस्टन सुटले. तिसऱ्या नंबरचा बसून राहिला. आणि ताटक्यांनी तोवर डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, "पाडव्याला तुम्हाला गाडीतून फिरवतो." पाडवा उद्यावर आला. सुधन्वा म्हणत होता, राहू दे, अजून पंधरा दिवस तेल मुरू दे. मग तो आत चहा आणायला गेला. तेवढ्या वेळात ताटक्यांनी पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि मोठा हातोडा उचलला. पहिला घाव सरळ बसला. दुसरा तिरका. तिसऱ्या घावाला आवाज बदलला. बिडाचा टणटणीत आवाज गेला आणि मडकं फुटल्यासारखा एक बोदा आवाज आला. सिलिंडरच्या काठापासून खाली एक बारीक काळी रेघ उतरली होती.

सुधन्वा दोन कप घेऊन आला, वाकला, बघितलं. ताटके म्हणाले, "तडा गेलाय." एवढंच. कसा गेला, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण सुधन्वाच आधी बोलला. "मी मागे पलवलच्या रस्त्यावर गाडी तापली तेव्हा गार पाणी ओतलं होतं. त्यानेच का रे?"

तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ब्लॉकला तडा जातो, हे कुठल्याही ड्रायव्हरला माहीत असतं. ताटक्यांपुढे पळवाट कुणीतरी ताटात वाढून ठेवली. ते म्हणाले, "असेल."

त्या एका शब्दाचं पुढे काय झालं, ते त्यांनी सव्वीस वर्षं बघितलं. डॉक्टर पाहुण्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, तुम्ही आपल्या फायलीच सांभाळा," आणि गॅरेजची किल्ली परत मागून घेतली. सुधन्वाची बायको इंदुमती मनाने चांगली, पण जिभेला हाड नाही. कुठल्याही पंगतीत पाण्याचा जग सुधन्वाच्या हाती गेला, की ती म्हणणार, "सांभाळा हो, ह्यांच्या हातचं पाणी बिडालाही सोसत नाही." सगळे हसायचे. विजयाही हसायची. सुधन्वा सगळ्यांत मोठ्याने हसायचा. ताटके ताटातल्या कोशिंबिरीकडे बघायचे.

गेल्या ऑक्टोबरात देवयानीचा फोन आला. देवयानी सुधन्वाची मुलगी, गुरुग्रामला नोकरीला. "काका, मामा फरीदाबादचं घर विकतोय. हिलमन काढावी लागेल, नाहीतर भंगारात जाईल. मी वाचलं, क्रॅक गेलेल्या ब्लॉकला आता स्टिचिंग करतात, वेल्डिंग न करता. तुम्हाला माहीत आहे?"

ताटक्यांना बारा वर्षांपासून माहीत होतं. बिडाला तापवलं की ते आणखी फुटतं, म्हणून थंडच ठेवून तड्यावर ओळीने भोकं पाडायची आणि त्यांत लोखंडी खिळे पेचाने बसवत जायचं, गोधडीला टाके घालावेत तसे. हे काम करणारा माणूस त्यांच्या घरापासून चार किलोमीटरवर बसतो. बारा वर्षांत त्यांनी सुधन्वाला एकदाही सांगितलं नाही, कारण ब्लॉक पुन्हा उघडला की तडा पुन्हा दिसणार होता.

"घेऊन ये," ते म्हणाले.

"जानेवारीत आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात काका. आईला एकदा त्या गाडीत बसायचंय. बस, और कुछ नहीं चाहिए."

गाडी आली. नियमाप्रमाणे दर गुरुवारी मालकाने यायचं ठरलं. गाडी तशी इंदुमतीच्या माहेरची, पण येणार सुधन्वा. नोएडाहून मेट्रोने, कालकाजीला गाडी बदलून, त्र्याहत्तराव्या वर्षी, हातात इंदुमतीने दिलेल्या भाकरवडीचा डबा. पहिल्या गुरुवारी ताटके हँडलकडे बोट दाखवून म्हणाले, "दाब."

"माझा हात नको रे. तूच दाब."

"नियम आहे."

"नियम बाकीच्यांना. माझ्या हाताची ख्याती तुला माहीत आहे." असं म्हणून तो हसला. ताटक्यांना हसता आलं नाही. शेवटी त्याने दोन बोटं हँडलवर ठेवली, तापल्या तव्याला लावावीत तशी, आणि लगेच काढून घेतली.

गुरुवारमागून गुरुवार गेले. ताटके तिसऱ्या सिलिंडरमध्ये तेल घालत आणि ते तड्यातून झिरपून जात राही. मग त्यांनी कपडे धुवायच्या साबणाची वडी घेऊन तड्यावर घासली, तेव्हा तेल थांबलं. सुधन्वा स्टुलावर बसून बघायचा. हात मांडीखाली घेऊन बसायचा, लहान मुलाला 'हात लावू नकोस' म्हटल्यावर ते बसतं तसं. बोलायचा भरपूर. सोसायटीच्या लिफ्टबद्दल, गुडघ्याबद्दल, देवयानीच्या ऑफिसबद्दल. घरात बल्ब गेला तरी आता इलेक्ट्रिशियन येतो, हेही त्याने सहज सांगितलं. "इंदू म्हणते, तुम्ही नका चढू. मीही म्हणतो, बिल्कुल नाही. पैसे देऊ, पण घर शाबूत राहू दे."

ताटक्यांना आठवत होतं. नव्याण्णवच्या पाडव्यानंतर सुधन्वाने कधी काही उघडलं नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की बढती झाली, काम वाढलं, वय झालं, माणसाचे छंद सुटतात. आता रोज हँडल दाबताना ही समजूत काही टिकेना.

चौथ्या गुरुवारी सुधन्वाने हँडल धरलं, नेहमीसारखं घाबरत, आणि हँडल त्याच्या हाताखाली अर्धा इंच खाली गेलं. पुलीवरची खडूची रेघ सरकली. तीसेक वर्षं बसलेला पिस्टन सुटला होता. ताटक्यांच्या शेडमध्ये या क्षणी लोक नाचतात, एकमेकांना मिठ्या मारतात, व्हिडिओ काढतात. सुधन्वाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काही तुटलं का रे?" त्याने विचारलं.

"सुटलं," ताटके म्हणाले. "तुटलं नाही. सुटलं."

"नक्की ना? मी जोर नव्हता केला."

ताटक्यांना आता सांगावं, असं वाटलं. पण सुधन्वा तोवर आनंदाने इंदुमतीला फोन लावत होता, आणि आनंदात विरजण कशाला, असं म्हणून ताटक्यांनी पुन्हा एकदा वेळ मारून नेली. भित्र्या माणसाला निमित्त शोधावं लागत नाही.

मंगळवारी त्यांनी पिस्टन काढले, ब्लॉक रिक्षाटेंपोत घातला आणि फरीदाबादच्याच एनआयटी भागात गुरबख्शच्या दुकानात नेला. गुरबख्श सत्तरीचा सरदार, चष्म्याला दोरी बांधलेली, बिडाला टाके घालण्यात वाकबगार. त्याने टॉर्च लावून तडा बघितला, काठावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"गरम इंजन में ठंडा पानी डाला था," ताटके म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडातून आपोआप येऊ लागलं होतं.

"पानी?" गुरबख्शने मान वर केली. "ताटकेजी, आप भी। पानी का क्रैक यहाँ नहीं आता। ये देखो, किनारा दबा हुआ है। ये चोट है। किसी अनाड़ी ने टेढ़ा हथौड़ा मारा है।"

गुरबख्शने तड्याच्या टोकाला खडूने खूण केली आणि सहज विचारलं, "कौन था?"

"मैं था," ताटके म्हणाले.

गुरबख्शने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "चाय मँगाता हूँ." एवढी मोठी गोष्ट एका परक्या माणसासमोर इतक्या सहज तोंडातून निघून गेली, याचंच ताटक्यांना नवल वाटलं. त्यांनी चहा घेतला आणि ब्लॉक परत टेंपोत घातला. गुरुवारनंतर आणतो, म्हणाले.

घरी येऊन त्यांनी विजयाला सांगितलं. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून घेतलं तिने, आणि सोललेले दाणे आणि टरफलं यांची तिच्या हातून सरमिसळ झाली.

"मी त्या माणसाला किती वेळा चिडवलंय, अहो," ती म्हणाली. "देवयानीच्या बारशाला... नाही, बारसं आधीच झालं होतं. तिच्या दहावीच्या पार्टीत. मुंजीत. घरभरणीला. तुम्ही शेजारी बसलेले असायचात."

"हो."

"एकदा तरी म्हणायचंत, बस कर."

"म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, का."

"मग विचारलं असतं," विजया म्हणाली. "आता गुरुवारी काय करणार?"

ताटके म्हणाले, सांगणार. विजयाने त्यांना शूर वगैरे म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "इंदूवहिनी पण येणारेत ह्या वेळी. दोघांसमोर सांगा. मागाहून एकट्याला गाठून सांगू नका." हे बोलणं ताटक्यांना लागलं, कारण मनात नेमका तोच बेत होता.

गुरुवारी इंदुमती ठेवणीतली साडी नेसून आली. गाडी चालू झालेली नाही हे तिला माहीत होतं, पण माहेरच्या गाडीचं इंजिन सुटलं म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असा तिचा थाट. ब्लॉक बाकावर पालथा न घालता उघडाच ठेवला होता. ती चष्मा वर करून वाकली, तडा बघितला आणि सवयीने म्हणाली, "बघा, बघा. ह्यांच्या तांब्याभर पाण्याची करामत."

सुधन्वा सवयीने हसला.

"वहिनी," ताटके म्हणाले, "पाणी नव्हतं ते. मी हातोडा मारला होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी. सुधन्वा आत चहा आणायला गेला होता."

हसू सुधन्वाच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण त्याला काढून ठेवायला वेळच मिळाला नाही. मग तो म्हणाला, "पण पाणी तर मी ओतलं होतं."

"ओतलं होतंस. त्याने काही झालं नव्हतं. त्यानंतर तू गाडी चालवत घरी आणलीस, आठव. हे बघ, काठ दबलाय. लाकडाच्या ठोकळ्याचा कोपरा इथे बसला." ताटक्यांनी त्याचा हात धरून त्याचा अंगठा त्या काठावर ठेवला. सुधन्वाने अंगठा फिरवला. सव्वीस वर्षांनंतरही त्या बोटाला दाबलेलं बीड आणि फुटलेलं बीड यांतला फरक कळत होता. ताटक्यांना ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"पाणी नव्हतंच," सुधन्वा म्हणाला.

"नव्हतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

ताटक्यांनी याचं उत्तर बरेच दिवस तयार केलं होतं. डॉक्टर काय म्हणतील, नोकरी, इभ्रत. त्यातलं काही त्यांना आता सांगवेना. "तू स्वतःच पाणी म्हणालास. मला सोपं पडलं."

सुधन्वा स्टुलावर बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर ताटक्यांना बरं वाटलं असतं. "देवयानीच्या सायकलची चेन पडायची," तो म्हणाला. "सातवी-आठवीत असेल ती. म्हणायची, बाबा लावून द्या. मी तिला दुकानात पाठवायचो. उन्हातान्हात सायकल ढकलत जायची. मला वाटायचं, मी हात लावला तर उगाच काहीतरी मोडून ठेवीन."

मग तो उठला आणि अंगणातून सरळ बाहेर गेला. भाकरवडीचा डबा बाकावरच राहिला. इंदुमती, जी शोकसभेतही दोन वाक्यं जास्त बोलते, ती अजून एक शब्दही बोलली नव्हती. फाटकापाशी ती थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुमचं खोटं तुम्ही माझ्या तोंडून वदवून घेतलंत."

ताटके मान खाली घालून उभे राहिले.

त्यानंतर सुधन्वा आला नाही. ताटक्यांनी दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. देवयानीने 'काका, थोडा टाइम द्या' असा मेसेज पाठवला. गुरबख्शने ब्लॉकला एकेचाळीस टाके घातले, पाण्याचा दाब देऊन बघितला. थेंबही गळला नाही. पैसे घ्यायला मात्र तयार होईना, ताटक्यांनीच त्याच्या खिशात कोंबले. ब्लॉक शेडमध्ये येऊन पडला. पुढचं काम ताटक्यांना एकट्याने आठ दिवसांत उरकता आलं असतं. पण मालकाचा हात लागल्याशिवाय ते कुठल्याच इंजिनाला पुढे हात लावत नाहीत, आणि याला तर लावावासाच वाटेना.

लोखंडासाठी वाट बघणं त्यांना आयुष्यभर जमलं. त्यात एक मजा असते, आपण रोज थोडं तेल घालतो, काहीतरी करतो. या वाट बघण्यात करायला काही नव्हतं. ते सकाळी शेडमध्ये जायचे, दुसऱ्या कुणाच्या इंजिनाचं हँडल दाबायचे आणि चहा न पिता बसून राहायचे. गुरुवारी साडेदहाच्या सुमाराला फाटकाकडे त्यांची नजर जायची. विजयाला ते दिसायचं. तिचं मन कळवळायचं, पण 'येईल हो' असं काही ती म्हणाली नाही, कारण येईल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होऊन गेला. हिलमन अंगणात प्लॅस्टिकखाली उभी होती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, इंदुमतीचा फोन आला. तिने 'कसे आहात' विचारलं नाही.

"भाऊजी, माझा मिक्सर बंद पडला परवा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी इलेक्ट्रिशियनला बोलावणार होते. हे म्हणाले, थांब. सकाळपासून डायनिंग टेबलावर सगळा उघडून बसलेत. पेपर पसरलाय, प्रत्येक स्क्रू ओळीने मांडलाय. आत्ता जोडलाय परत. एक स्क्रू उरलाय."

ताटक्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या कानाने त्यांना जास्त चांगलं ऐकू येतं.

"मी काही बोलले नाही त्या स्क्रूबद्दल," इंदुमती म्हणाली. "जीभ चावून बसलेय." "एवढंच सांगायचं होतं. बाकी ते तुमच्याकडे कधी येतील, येतील की नाही, मी विचारणार नाही. मी आता मध्ये बोलत नाही."

तेवढ्यात पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला आणि मिक्सर सुरू झाला. घरघरला, चढला, एकसारखा फिरू लागला. इंदुमतीने श्वास सोडलेला ताटक्यांना ऐकू आला. आणि मग, फोनपासून दूर, बऱ्याच दिवसांनी सुधन्वाचा आवाज.

"त्यालाच फोन लावलायस ना? विचार त्याला, आवाज बरोबर आहे का."

ताटके ऐकत होते. मिक्सर चालू होता, आणि बिघडलेल्या गोष्टीला हात लावून एका माणसाने ती पंचवीस-सव्वीस वर्षांनी पहिल्यांदा चालू केली होती. 'बरोबर आहे' म्हणायला किती सोपं होतं. पण त्या घरघरीच्या तळाशी एक बारीक कोरडी किरकिर होती.

"नाही म्हणावं," ताटके म्हणाले. "दांडा ज्यात फिरतो तो खालचा बुश कोरडा आहे. पुन्हा उघडायला सांगा, आणि तेलाचा एकच थेंब."

इंदुमतीने निरोप दिला नाही. तिने फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण मिक्सर लगेच बंद झाला. ताटके फोन कानाशी धरून उभे होते.

"मलाही तेच वाटत होतं," सुधन्वा म्हणाला, आणि टेबलावर पहिला स्क्रू ठेवल्याचा आवाज आला.